उपासाचा फोटो

माझ्या आईच्या पोटावर तीन डाग होते. उजव्या अंगाला, बरगडीच्या खाली, एका ओळीत, हरभऱ्याएवढे. आंघोळ करून ती लुगडं नेसायला लागली की मला ते दिसायचे. मोठ्या बायकांना असतात तसले काहीतरी ते असावेत, आपल्यालाही मोठेपणी येतील, असं मी धरून चालले होते. पोटात गोळा उठायचा म्हणून विळ्याचं टोक तापवून तिला डागलं होतं, हे मला ती गेल्यावर कळलं. ती गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. शेवटच्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले होते आणि जेवण झालं की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भाकरी मी टाकायचे, धाकट्या भावाला मी सांभाळायचे. तिचे उपासतापास तशातही चालूच होते, त्यांचं रांधायचंही माझ्याकडेच होतं.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी जे काही केलं ते या तीन डागांच्या भीतीने केलं. एरवी मी काही एवढी खुळी नाही. वेळ पडली तर भांडण उकरून काढणारी म्हणूनच माझी ख्याती आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी एकतीस वर्षांची, दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. कापूस आणि भुईमुगाची शेती. घरात आमचे हे, आमच्या दोन मुली आणि अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी आली, आणि सासूबाई लवकर गेल्यामुळे ह्यांना तिनेच वाढवलं. गाव तिला अक्का म्हणायचा म्हणून मीही अक्काच म्हणायचे. घरात तिचा शब्द शेवटचा होता. ती इतके उपास करायची की आठवड्यातले तिचे जेवणाचे वार मोजायला एका हाताची बोटं पुरत.

पहिली कळ एका लग्नाच्या जेवणानंतर आली. दुपारी ओसरीवर तूर निवडत बसले होते. उजव्या बरगडीखाली काहीतरी आवळायला लागलं. आधी वाटलं, जास्त जेवले. मग ते आवळणं थांबेना. ते पाठीत शिरलं, उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत चढलं, आणि मला पुरता श्वास घेता येईना. घाम फुटला, ओकारी झाली. दुखत होतं तिथे हात दाबून धरला आणि हात कुठे आहे ते पाहिलं. आईचा पहिला डाग बरोबर तिथे होता. मी मनात म्हटलं, आता आपली पाळी. त्या क्षणी मला दुखण्यापेक्षा भीती जास्त वाटली, आणि पुढचं वर्षभर ती भीती माझ्या अंगावरून उतरली नाही.

गावातल्या वैद्यांनी नाडी पाहिली आणि पित्त सांगितलं. पित्त म्हटल्यावर पुढचं सगळं ठरलेलंच होतं. मिरची बंद. आमच्याकडे मिरचीचा हंगाम आला की दोंडाईच्याचा सगळा बाजार शिंकत असतो, आणि मी मात्र पांढरी भाजी खात बसले. पित्त शमावं म्हणून दूध आणि तूप सुरू झालं. अक्का मायेने माझ्या भाकरीवर दोन-दोन पळ्या तूप सोडायची. आठ दिवसांत दुसरी कळ आली, पहिलीपेक्षा मोठी.

मग अक्काने डाग देणाऱ्या म्हातारीला सांगावा धाडला. त्या बाईचा हात चांगला आहे असं सगळे सांगत. मी अंगणात भांडी घासत होते. म्हातारी आली, चुलीपाशी बसली, कनवटीचा विळा काढून तिने निखाऱ्यात खुपसला आणि माझ्याकडे बघून हसली. मी राखेचे हात तसेच घेऊन कापसाच्या खोलीत पळाले आणि आतून कडी लावली. डागलंत तर विहिरीत उडी घेईन, असं मी आतून सांगितलं. हे बाहेर उभे होते, ते काही बोलले नाहीत. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. बऱ्याच वेळाने दाराच्या फटीतून अक्काचा आवाज आला.

"डाग नको ना? मंग उपास धर."

सौदा ठरला. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. चार महिन्यांत गोळा गेला तर ठीक, नाही गेला तर विळा. मी कापसात उभी राहून सगळं कबूल केलं. त्या वेळी मी निवडुंगही खायला तयार झाले असते.

उपासाच्या दिवशी आमच्याकडे भगर आणि शेंगदाण्याची आमटी असायची. शेंगदाणे घरच्या शेतातले, हात आखडायचं कारण नव्हतं. अक्का पाट्यावर ते लोण्यासारखे वाटायची आणि आमटी इतकी दाट करायची की डाव उभा राहावा. उपासाने अंग सुकतं म्हणून माझ्या भगरीवर तूप जरा जास्तच पडायचं. दुपारी बारा-एकला आम्ही दोघी जेवायचो, आणि तीनच्या सुमाराला मला कळ यायची.

मी ती लपवायला लागले. शेण काढायचं निमित्त करून गोठ्यात जायचे, गव्हाणीला पोट टेकून उभी राहायचे आणि पदराचा बोळा तोंडात कोंबायचे. म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करायची. तास-दीड तासाने आवळणं सुटलं की तोंड धुऊन घरात यायचं. अक्का विचारायची, कसं वाटतं? मी म्हणायचे, बरं वाटतं. दुसरं काय म्हणणार? उपास लागू पडत नाही असं म्हटलं की विळा होताच. माझा गोळा उपासाने गेला हे अक्काने सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि माझं बघून आणखी दोघी बायकांनी गुरुवार धरले. त्या माझ्या पाया पडायच्या बाकी होत्या.

कळ उपासाच्या दिवशीच येते, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की देव माझ्यावर रागावला आहे. आपण देवाच्या नावाने उपास करतो आणि घरात खोटं बोलतो, म्हणून कळ वाढते आहे, असा मी हिशेब लावला होता. मग खोटेपणा धुऊन निघावा म्हणून मी शनिवारही धरला. अक्काला माझं फार कौतुक वाटलं.

एके दिवशी सकाळी मी थोरलीची वेणी घालत होते. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. आरशात माझ्याकडे बघून तिने विचारलं, आई, तुझे डोळे हळद लागल्यासारखे का दिसतात? आरसा हातात घेऊन मी उजेडात गेले आणि बघितलं. आईचे डोळे होते ते.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. हे शेतावरून आले तेव्हा त्यांना म्हटलं, माझी आई अशीच गेली. त्यांनी माझे डोळे पाहिले, टोपी काढली, परत घातली आणि अक्काला जाऊन सांगितलं की हिला जळगावला न्यायचं. सांगितलं, विचारलं नाही. पंचवीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं असावं. अक्का वादात पडली नाही, पण तिने आपलंही गाठोडं बांधलं.

जळगावच्या डॉक्टरांकडे फोटोचं यंत्र होतं. एक्सरेला आम्ही सगळे फोटोच म्हणायचो. त्यांनी डोळे पाहिले, लघवीचा रंग विचारला, औषध दिलं आणि पिवळेपणा उतरल्यावर परत यायला सांगितलं. तोवर नुसता मऊ भात आणि पाणीदार ताक, उपास-बिपास काही नाही. वीस-बावीस दिवस मी तेवढंच खाल्लं. त्या दिवसांत मला एकदाही गोठ्यात जावं लागलं नाही. ते कशामुळे, हेही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला टेबलावर आडवं निजवलं, चार बोटं बरगडीखाली रुतवली आणि मोठा श्वास घ्यायला सांगितलं. श्वास अर्ध्यावर अडकला. ते म्हणाले, इथे पित्ताची पिशवी असते, तिच्यात खडे झाले असावेत. खडे म्हटल्यावर अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजवर तांदूळ कधी नीट निवडलेच नाहीत. फोटो काढल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. खडे दिसले तर काय, असं ह्यांनी विचारलं. वेळ आली तर पोट उघडावं लागेल, असं उत्तर मिळालं. तापलेल्या विळ्यातून सुटून मी सुरीखाली आले होते.

कंपाउंडरने सहा गोळ्यांची पुडी हातात ठेवली. संध्याकाळी तेल-तूप न घालता साधा भात खायचा, मग पाच-पाच मिनिटांनी एकेक गोळी घ्यायची, आणि सकाळी फोटो होईपर्यंत उपास करायचा. हे त्याने दोनदा सांगितलं आणि आमच्याकडून एकदा म्हणवूनही घेतलं. त्याची काही चूक नव्हती. तो शहरातला माणूस. उपाशी राहा म्हणाला असता तर आम्हाला कळलं असतं. तो उपास करा म्हणाला, आणि उपास कसा करतात हे अक्काला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आम्ही अक्काच्या चुलतदिराकडे उतरलो होतो. संध्याकाळी साधा भात खाल्ला, गोळ्या गिळल्या. सकाळी उठून बघते तर अक्का त्यांच्या चुलीपाशी बसलेली. शहरात साबुदाणा चांगला मिळतो म्हणून तिने तो आदल्या संध्याकाळीच भिजत घातला होता. कढईत तूप, त्यात जिरं, वर ओंजळभर दाण्याचं कूट. मी विचारलं, फोटोच्या आधी चालेल का? अक्काला ते बोलणं अजिबात आवडलं नाही.

"डाक्टरनी उपास सांगेल शे," ती म्हणाली, "उपाशी मरानं नही."

मला ते पटलं. शिवाय भ्याले की मला भूक लागते, हा माझा जुनाच दोष आहे. ताटलीभर खिचडी खाल्ली, कढईची खरवडही खाल्ली.

नऊ वाजता डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लेलं नाही ना? मी म्हटलं, नाही, उपास आहे. यात मी खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही.

फोटोच्या खोलीला काळे पडदे होते. मला पालथं निजवलं. पोटाखाली गार पत्रा, वर लोखंडाचं मोठं डबडं. माझा आजवर एकच फोटो निघाला होता, आणि त्यात मी कपडे नीट घालून खुर्चीत बसले होते. श्वास रोखा, असं डॉक्टर पडद्याआडून म्हणाले. यंत्र गुरगुरलं. असं तीनदा झालं. या उजेडाने आतलं सगळं दिसतं असं सांगतात, मग आपलं भ्यालेलं काळीजही यांना दिसत असेल, असं मला वाटलं, आणि मी उगाच अंग चोरून घेतलं.

मग मला बाहेरच्या बाकावर अक्काजवळ बसवलं. डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावलं. मध्ये नुसता पडदा होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता. ओला फोटो खिडकीशी धरून ते सांगत होते की पिशवी कुठे दिसतच नाही. गोळ्यांचं औषध पिशवीत उतरलं तर ती फोटोत उमटते. इथे काहीच उमटलं नाही, म्हणजे पिशवी निकामी झालेली दिसते. असं असेल तर थांबण्यात अर्थ नाही, आठ-दहा दिवसांत पोट उघडलेलं बरं.

मी बाकावर बसल्या बसल्या मुलींची वयं मोजली. थोरली नऊची. मला बारावं होतं, हिला तर नववंच. हिला अजून भाकरी थापता येत नाही, धाकटीला कोण बघणार? मला मरणाची भीती वाटत होती, अगदी साधी, पोटातून वर येणारी. तेवढ्यात बरगडीखाली आवळायला लागलं.

इथे गोठा नव्हता. कळ पाठीत शिरली, खांद्याकडे चढली, आणि सवयीने माझा हात आपोआप पदराकडे गेला. मी बोळा करून तोंडात कोंबला आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीला पोट टेकलं. अक्का बघत होती. इतका सराईतपणा एका दिवसात येत नाही, हे कळण्याइतकी ती हुशार होती.

डॉक्टर धावत आले. मला आत निजवलं, सुई टोचली. दुखणं जरा सैल झाल्यावर ते स्टुलावर बसले. रिकाम्या पोटी एवढी कळ यावी हे त्यांना चमत्कारिक वाटत होतं.

"बाई, खरं सांगा. सकाळपासून काय खाल्लंत?"

"साबुदाण्याची खिचडी."

"तुम्ही तर उपास म्हणालात."

"उपासाचीच ती."

दाराशी कंपाउंडर उभा होता, त्याने मान खाली घातली. मग डॉक्टरांनी विचारलं, खिचडीत काय काय होतं? अक्काने सांगितलं. तूप किती? तेही तिने न लपवता सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पोटात तूप-दाणे गेले की ते पचवायला ही पिशवी आपलं पित्त ओतून टाकते. म्हणजे ती निकामी नसेलही. तुम्ही तिला सकाळी रिकामी करून आणलीत, ती फोटोत दिसणार कुठून? आणि आत खडे असले, तर ओतायला जाताना तेच तोंडाशी अडकत असणार. मग त्यांनी विचारलं, एरवी कळ कधी येते?

आता सांगावं लागणार होतं, आणि अक्का समोर उभी होती. मी छताकडे बघून सांगितलं. सोमवारी येते. गुरुवारी येते. एकादशीला येते. चतुर्थीला चंद्र बघून जेवलं की त्यानंतर येते. शनिवार धरल्यापासून शनिवारीही येते. सांगता सांगता माझं मलाच ते पहिल्यांदा ऐकू येत होतं, आणि माझा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांनी विचारलं, आणि ते वीस दिवस नुसता भात होता तेव्हा? मी म्हटलं, तेव्हा नाही.

अक्काचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही, आपल्या हातांकडे बघत होती.

"माले काबर नही सांगं?" ती म्हणाली.

विळ्याची भीती वाटत होती, असं मी तिला सांगितलं. अक्का, मला तुमचीच भीती वाटत होती, हे मात्र नाही सांगितलं. ते तिला न सांगताही कळलं असावं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही.

चार दिवसांनी पुन्हा गोळ्या, पुन्हा साधा भात. त्या सकाळी अक्काने चूलच पेटू दिली नाही. चुलतदिराच्या घरच्यांनाही दहा वाजेपर्यंत चहा मिळाला नाही. या वेळी फोटोत पिशवी उमटली, लहानशा वांग्याएवढी, आणि तिच्यात मुगाच्या दाण्यांसारखे सात-आठ ठिपके. डॉक्टर म्हणाले, पिशवी अजून काम करते आहे, घाई नको. तूप, तेल, दाणे बंद. पुन्हा डोळे पिवळे झाले तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. त्यानंतर मी रोज सकाळी उठल्या उठल्या आरसा घेऊन अंगणात जायचे आणि डोळे बघायचे. दीड वर्षाने एका सकाळी ते पिवळे दिसले आणि धुळ्याला माझं पोट उघडलं. त्या टेबलावर चढताना माझे दात वाजत होते. पण मी उठले, हे उघडच आहे.

खरी गोष्ट त्या टेबलावर घडली नाही, जळगावहून परतताना गाडीत घडली. फोटोचं मोठं पाकीट हे छातीशी धरून बसले होते. अक्का खिडकीशी. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं. माझं मन जरा हलकं झालं होतं, घरी गेल्यावर मुलींना काय काय सांगायचं ते मी जुळवत होते. नरडाण्याच्या आसपास अक्काने बाहेरच बघत विचारलं.

"तुनी माय काय खाये?"

मी सांगायला तोंड उघडलं. बाराव्या वर्षीचे माझे हात मला दिसले, पाट्यावर दाणे वाटणारे. आई वाळत चालली होती म्हणून मी आमटी दाट करायचे. तिला ताकद यावी म्हणून भगरीवर तूप चोरून जास्त घालायचे. ती पुरे म्हणायची, मी आणखी वाढायचे. मी केलेलं तिने कधी ताटात टाकलं नाही. सगळं खायची, चांगलं झालं गं म्हणायची, आणि मग भिंतीकडे तोंड करून पदर तोंडाशी घ्यायची. मला वाटायचं, झोपली.